पंडुम झाल्यावर

मार्च उतरणीला लागला की आमच्या कॉलेजात दोन गोष्टी बरोबरच येतात, मोहाचा वास आणि विद्यापीठाचं वेळापत्रक. वास खिडकीतून येतो, वेळापत्रक फोनवर येतं. दोघांनाही एकमेकांचं काही देणंघेणं नसतं. वनस्पतिशास्त्राच्या लॅबमागं मोहाची तीन जुनी झाडं आहेत. सकाळी साडेसातच्या तासाला मी लॅबचं कुलूप काढते तेव्हा त्यांच्याखाली बाया वाकून फुलं वेचत असतात. पिवळट, रसरशीत फुलं, बोटानं दाबली तर चिकट पाणी सोडणारी. पहिल्या दिवशी तो वास हवाहवासा वाटतो. चौथ्या दिवशी डोकं धरतं. आठव्या दिवशी तो डब्यातल्या पोळीला, खडूला, हजेरीपटाला, सगळ्यालाच लागलेला असतो आणि मग कळेनासा होतो.

याच दिवसांत वर्ग ओस पडतात. गडचिरोलीकडच्या या आमच्या तालुक्याच्या गावात निम्मी मुलं जंगलाच्या काठावरून येतात, आणि मोहा काही कोणासाठी थांबत नाही. मी नावं घेत जाते.

"कुमरे?"

"मोहा वेचाले गेली जी."

"पदा?"

"मोहा."

"नैताम?"

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, "मॅडम, मोहाचीच हजेरी लावून टाका नं. तोच तेवढा रोज येऊन राह्यला." वर्ग हसतो. मीही हसते. पूर्वी हसत नसे.

पूर्वी मी कशी होते हे जिन्याखालच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं असायचं. झीरो मॅडम. सुट्टीत रंग दिला तरी जूनमध्ये पुन्हा कोणीतरी लिहायचंच. मला राग येत नव्हता, खरं सांगायचं तर आतून थोडं बरंच वाटायचं. दरवर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर तीन ओळी लिहायची. फाईल ठरल्या दिवशी. फाईल पूर्ण. अपूर्ण फाईल, शून्य. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि एकमेकांकडं बघायची. बाजूच्या विभागातले सर मला समजावायचे, "अहो मॅडम, चार-पाच मार्क टाकून द्यावं. आपल्या घरचं काय जाते?" मी म्हणायची, घरचं जात नाही म्हणूनच वाटायचे नसतात. असली वाक्यं तेव्हा मला पटापट सुचायची.

या कडकपणाचं मूळ माझ्या माहेरी, सावली तालुक्यात आहे. माझे बाबा दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणी-कापणी करायचे. गावच्या शाळेत चौथीची तोंडी परीक्षा असायची. गुरुजी एकेकाला टेबलाजवळ बोलावायचे, आमच्या वस्तीतल्या पोरांना मात्र दारातूनच विचारायचे. माझी पाळी सगळ्यांत शेवटी आली. सतरा नवे किती, असं विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत कागदावर काहीतरी लिहून मोकळे झाले. उत्तर मला येत होतं. एकशे त्रेपन्न. आजही कुणी सतराचा पाढा म्हणायला लागलं की मी नवाला मनातल्या मनात अडखळते.

मग दहावीला बोर्डाची परीक्षा आली. पहिला पेपर देऊन घरी आले तर बाबा अंगणात बसले होते. त्यांनी विचारलं, "नाव कुठी लेहलं पेपरावर? वर का खाली?"

मी म्हटलं, "नाव लिहायचं नसते बाबा. नंबर टाकाचा असते."

मग म्हणाले, "म्हंजे तपासणाऱ्याले मालूमच नाई रायत, पोट्टी कोणाची हाय?"

"नाई."

"ज्यानं हे काढलं, त्यानं लय मोठं काम केलं," बाबा म्हणाले. गावात कोणी विहीर बांधून दिली तर लोक जसं म्हणतात, तसं म्हणाले. त्या रात्री आमच्याकडं बुद्धवंदना झाली तेव्हा त्यांनी माझ्या नंबराचा कागद तसबिरीच्या पायाशी ठेवला होता. मी नंतर शिकले, नेट पास झाले, प्राध्यापक झाले, तरी परीक्षेबद्दलचं माझं सगळं शहाणपण त्या कागदापुढं गेलं नाही. सगळ्यांना एकच प्रश्न, एकच तारीख, एकच नियम. कोणाची मेहरबानी नको आणि कोणाची खुन्नस नको. मला दया दाखवणारे मास्तर नको होते, तसली मास्तरीण मी होणार नव्हते.

तीन वर्षांपूर्वीचा मोहाचा हंगाम मात्र माझ्या या शहाणपणाच्या मानगुटीवर बसला आहे, तो काही उतरत नाही.

त्या वर्षी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात रजनी उसेंडी होती. एटापल्लीच्याही पुढं, बस जिथं वळून परत येते तिथून आत सात किलोमीटर तिचं गाव. माडिया घरातली मुलगी, मुलींच्या वसतिगृहात राहायची. मी काही तिला वनदेवी बनवणार नाही. जंगलातली मुलगी म्हटली की लोक लगेच डोळे मिटून झाडांशी बोलायला लावतात तिला. रजनीच्या आकृत्या वाईट असायच्या, पेशीचं चित्र तिनं काढलं की भाजलेल्या पापडासारखं दिसायचं. प्रकाशसंश्लेषणाची समीकरणं तिला शेवटपर्यंत धड जमली नाहीत. पण पान ओळखायची पद्धत तिची वेगळी होती. आमच्याकडं प्रात्यक्षिकात दहा ट्रे मांडतात, प्रत्येकासमोर एक मिनिट, मग घंटा, पुढं सरका. बाकीची मुलं पानाकडं टक लावून बघत बसायची. रजनी पान उलटं करायची, पाठीवरून अंगठा फिरवायची आणि लिहायला लागायची. लॅटिन नावांची स्पेलिंग ती स्वतःच्या मनानं करायची, कुळ मात्र बरोबर असायचं. एकदा मी मुद्दाम दोन सारखी पानं शेजारी ठेवली होती. तिनं दोन्ही बरोबर लिहिली आणि जाताना माझ्याकडं बघून जराशी हसली, तुमची चलाखी कळली म्हणून.

तिची वार्षिक फाईल वीस झाडांची होती. या फाईलचं काम ज्यांनी केलं नाही त्यांना सांगते, यात चिकाटीची परीक्षा असते. फांदी तोडायची, पानं-फुलं-फळं नीट पसरून वर्तमानपत्रात दाबायची, रोज कागद बदलायचा, नाही बदलला तर बुरशी धरते. आठ-दहा दिवसांनी वाळली की जाड कागदावर शिवायची किंवा चिकटवायची आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. नाव, कुळ, स्थानिक नाव, ठिकाण, गोळा करणाऱ्याचं नाव, तारीख. वसतिगृहात पेपर एकच यायचा, म्हणून रजनी रोज आमच्या विभागात येऊन विचारायची, "कालचा पेपर हाय का जी?" आमचे शिपाई वामनभाऊ म्हणायचे, "हिले बातमी नोको, कागद पायजे." तिला पेपर देता देता ते स्वतः कधी आतली पानं वाचून घ्यायचे आणि मग अर्धाच पेपर द्यायचे, त्यावरून दोघांची रोज बाचाबाची.

फाईल द्यायच्या दिवशी माझ्या टेबलावर चाळीसेक फायलींचा ढीग होता. कूलर फक्त आवाज करत होता. बाहेरून मोहाचा वास येत होता आणि आतून वाळलेल्या पानांचा, औषधाचा, डिंकाचा. रजनीची फाईल हाती घेतली आणि मी मनातल्या मनात वा म्हटलं. एकही पान दुमडलेलं नाही, एकाही पानाला काळा डाग नाही. चारोळी, बिबा, पळस, ऐन, सगळं कसं जिवंत झोपल्यासारखं. एकोणीस पानं मी अशी उलटली आणि विसावं पान आलं.

विसावं पान कोरं होतं.

चिठ्ठी लावलेली होती. आंब्याचं शास्त्रीय नाव, कुळ, स्थानिक नावाच्या पुढं 'मर्का', तिच्या गावाचं नाव, तिचं नाव. आणि तारखेच्या जागी तिच्या उभ्या अक्षरात लिहिलं होतं, 'पंडुम झाल्यावर'.

मला ते कोणाचं तरी नाव वाटलं. पांडू, पंढरी, तसा कोणी पंडुम. याचं काहीतरी होणार आहे, लग्न किंवा ऑपरेशन, आणि ते झाल्यावर बाईसाहेब आंबा आणून देणार आहेत. आंबा! कॉलेजच्या फाटकाशी आंब्याचं झाड आहे, कैऱ्यांनी इतकं लगडलेलं की हात वर केला तर फांदी हाताला लागते. त्यातली एक फांदी तोडायला कोणाचं लग्न आडवं आलं, मला कळेना. आळसालाही काही मर्यादा असते, असं मी वामनभाऊंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं. त्या शब्दाभोवती लाल गोल काढला, शेजारी प्रश्नचिन्ह काढलं आणि फाईलच्या पहिल्या पानावर दहापैकी शून्य लिहिलं.

रजनी तेव्हा लॅबमध्येच होती, पाच पावलांवर, सिंकपाशी बाटल्या धूत होती. मी तिला विचारलं नाही. नियम हाताशी असला की विचारावं लागत नाही, हीच तर त्यातली सोय असते. या भागात मी जन्मले, वाढले, तीस किलोमीटरवर माझं माहेर, आणि पंडुम हा शब्द मला माहीत नव्हता. तो माहीत नसणं हे मला अज्ञानही वाटलं नाही. मला वाटलं, तिनं काहीतरी चुकीचं लिहिलं आहे.

चाचणीत तिला दहापैकी सहा होते. सहा आणि शून्य सहा. अंतर्गत गुणांत वीसपैकी आठ लागतात, लेखी परीक्षेत कितीही मिळाले तरी हे आठ वेगळे लागतात. मी पोर्टलवर सगळ्यांचे गुण भरले, पुन्हा एकदा यादी तपासली आणि कुलपाचं चिन्ह दाबलं. ते चिन्ह दाबलं की स्क्रीनवर हिरवी पट्टी येते. मला त्या हिरव्या पट्टीचं नेहमी समाधान वाटत आलं आहे, घर झाडून झाल्यावर वाटतं तसं.

बारा दिवसांनी रजनी आली. लेखी पेपर सुरू झाले होते, त्या दिवशी तिचा रसायनशास्त्राचा होता. पेपराआधी ती विभागात आली तेव्हा हातात पळसाच्या पानांत गुंडाळलेलं काहीतरी होतं. वर ओलं फडकं. तिनं टेबलावर ते सोडलं आणि आतून आंब्याची फांदी निघाली, चार कैऱ्या, देठाशी चीक अजून चमकत होता.

"मॅडम, झालं जी पंडुम," ती म्हणाली. चेहरा उजळलेला.

"काय झालं?"

"पंडुम जी. मर्का पंडुम. परवा झालं गावात. आता तोडता येते."

मग मी विचारलं, बारा दिवसांपूर्वी विचारायला हवं होतं ते. तिनं सांगितलं. नवा आंबा आधी देवाला आणि पूर्वजांना द्यायचा. गावचा पुजारी, त्याला ते पेरमा म्हणतात, तो दिवस ठरवतो, सगळं गाव जमतं, नाचतं, जेवतं. तोवर कैरी तोडायची नाही, खायची नाही, खाली पडली तरी उचलायची नाही. त्या वर्षी गावात मयत झाली होती म्हणून दिवस पुढं गेला.

"अगं पण आपल्या फाटकाशी आंबा आहे की," मी म्हटलं. "त्याला कुठं तुमचं पंडुम लागतं?"

"झाडाले नाई लागत जी," रजनी म्हणाली. "मले लागते."

एवढं साधं होतं ते.

"मग मला सांगायचंस ना तेव्हाच."

"लेहलं होतं नं जी," ती म्हणाली, "तारखेच्या जागी." तिला खरंच आश्चर्य वाटत होतं. मी शिक्षिका, मी वाचलं असणार, मला कळलं असणार, मी गुण राखून ठेवले असणार, असं ती धरून चालली होती. बारा दिवस ती निर्धास्त होती. माझ्या चेहऱ्यावर तिनं काय वाचलं कोण जाणे, तिचं हसू हळूहळू मिटत गेलं. तेवढ्यात पेपराची घंटा झाली आणि ती गेली. रसायनशास्त्राचे ते तीन तास तिनं कसे काढले असतील?

प्राचार्य भला माणूस. चहा मागवला, ऐकून घेतलं, पोर्टल उघडून बघितलं, मान हलवली.

"लॉक झालं मॅडम. आता मार्क वाढवता येत नाई. बेरजेची चूक असंन तं फॉर्म जाते, चौदा दिवसांच्या आत. आज बारावा दिवस हाय."

"बेरीज बरोबर आहे सर."

"मले मालूम हाय बरोबर हाय. तुमची बेरीज कधी चुकते? लिहून द्या का चुकली."

"पण चुकली नाही."

त्यांनी माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं. "मॅडम, चूक तं झाली नं? मंग ते बेरजेत झाली का कशात झाली, काय फरक पडते?"

फरक पडत नव्हता. आज मला ते लख्ख दिसतं. तेव्हा मात्र मी तो फॉर्म पर्समध्ये घालून फिरत राहिले. सहा आणि शून्य यांची बेरीज चुकली, असं लिहायला हात उचलेना. मी कधी कोणाचा अर्धा गुण खोटा लिहिला नव्हता. रात्री बाबांचा तो तसबिरीपाशी ठेवलेला कागद डोळ्यांपुढं यायचा. नंबराला जात नसते, हे ज्या परीक्षेनं मला दिलं तिच्याच कागदावर मी खोटं लिहायचं? पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठात फोन लावला, सगळं खरं खरं सांगितलं, तर पलीकडचा माणूस अदबीनं म्हणाला की मूल्यांकनात बदल करण्याची तरतूद नाही. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला, दुसऱ्या माणसानं तेच सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी मी लिहिलं, 'बेरजेत अनवधानाने चूक झाली आहे.' सही केली. वामनभाऊंनी स्वतः विद्यापीठात नेऊन दिलं. दुपारी फोन आला, काल आला असता तर झालं असतं.

काल मी माझा खरेपणा सांभाळत बसले होते. हात स्वच्छ राहावेत म्हणून मी तीन दिवस घेतले, आणि ते तीन दिवस माझे नव्हते, तिचे होते.

निकाल लागला तेव्हा रजनी लेखी परीक्षेत सगळ्या विषयांत पास होती. वनस्पतिशास्त्रात वर्गात दुसरी. खाली एक ओळ, अंतर्गत मूल्यांकन, अनुत्तीर्ण. फाईल पुन्हा पुढच्या बॅचबरोबर द्यायची, म्हणजे आणखी एक वर्ष. नापास झाल्यावर वसतिगृहातली जागा जाते आणि एवढ्या लांबून रोज येणं कोणालाच शक्य नाही. तिच्या गावाजवळच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवायला माडिया बोलणारं कोणी नव्हतं. पदवी झाली की बी.एड. करून तिथंच जायचं, असं ती पहिल्या वर्षापासून म्हणायची.

ती कागदपत्रं न्यायला आली त्या दिवशी मी तिला विभागात बोलावलं. खुर्चीवर बस म्हटलं तरी बसली नाही.

"चूक माझी होती रजनी," मी म्हटलं.

"हाव जी," ती म्हणाली.

तिनं मला 'तुमची काऊन असंन जी' असं म्हटलं असतं तर मी त्या एका वाक्यावर उरलेला जन्म काढला असता. ती म्हणाली नाही. 'हाव जी' ती रागानं नाही, विचारल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं तसं म्हणाली. मग स्वतःच बोलली, "आईले समजावून राह्यली जी मी, तिले समजत नाई. तिले वाटते पंडुम उशिरा झालं म्हणून मी नापास झाली. ते पेरमाले बोलून राह्यली. आठवडी बाजारात भांडली त्याच्याशी."

माझ्या लाल गोलाचं भांडण पार तिकडं, बस वळते त्याच्याही पुढं जाऊन पोचलं होतं आणि तिथं दोन म्हाताऱ्या माणसांत चालू होतं. मी मधे पडून काय सांगणार होते आणि कोणत्या भाषेत?

त्या सुट्टीत माहेरी गेले तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. बाबा आता थकलेत, ऐकू कमी येतं, मला मोठ्यानं सांगावं लागलं. शेजारच्या बायाही ऐकत होत्या. मला वाटलं बाबा नियमाच्या बाजूनं बोलतील. ते म्हणाले, "त्या पोरीच्या माय-बापाले जाऊन भेटली काय तू?"

"नाई बाबा."

"काऊन?"

या 'काऊन'चं उत्तर मी अजून शोधते आहे. लांब आहे, रस्ता वाईट आहे, वाघाचा सुळसुळाट आहे, हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही कारण खरं नाही. मला त्यांच्या अंगणात उभं राहून काय बोलावं ते माहीत नव्हतं. माझ्यापाशी द्यायला काहीच नव्हतं. गुण नव्हते.

नंबर टाकला की जात दिसत नाही, हे बाबांचं म्हणणं अजूनही खरं आहे. मी आजही त्याच्यासाठी भांडेन. पण नंबर टाकला की पंडुमही दिसत नाही. ज्या आंधळेपणानं मला तारलं त्याच आंधळेपणानं ती गेली. यातलं एक ठेवायचं आणि दुसरं काढून टाकायचं कसं, हे मला कळत नाही. सेमिनारमध्ये लोक यावर छान बोलतात. स्थानिक संदर्भ, लवचीक मूल्यमापन असं काय काय म्हणतात. मी टाळ्या वाजवते आणि परत येऊन चाळीस फायली तपासायला बसते. प्रत्येक फाईलशी असं बसून, बाई गं, तुझ्याकडं यंदा काय आहे, काय नाही, असं विचारत राहिले तर पोर्टल बंद व्हायच्या आत दहा फायली होतात. हिशेब न जुळणारी ही गोष्ट आहे आणि ती माझ्या एकटीच्या डोक्यात भणभणत राहते.

रजनीची ती फांदी मी स्वतः वाळवली, स्वतः शिवली. तिच्या विसाव्या पानावरच. विभागात तिच्याइतका सुरेख नमुना दुसरा नाही. चिठ्ठी तशीच ठेवली आहे, माझ्या लाल गोलासकट. पहिल्या वर्षाच्या मुलांना फाईल कशी करायची हे मी त्यावरूनच दाखवते. कोणीतरी विचारतंच, "मॅडम, हे गोल काऊन केला?" मी सांगते. मग पुढचा तास सुरू होतो.

मी करता येईल तेवढं केलं. अभ्यास मंडळाला पत्र लिहिलं की फाईलची तारीख एप्रिलअखेरीस न्यावी, या भागात काही झाडांची फळं तोडायला त्याआधी गावाची परवानगी नसते. उत्तर आलं, वेळापत्रक सर्वांसाठी समान आहे. वाचलं आणि वाटलं, हे वाक्य मीच लिहिलेलं असावं, इतकं ते माझं होतं. मग मी माझ्यापुरतं ठरवलं. फळ्यावर तीन ओळी लिहायच्या बंद केल्या. आता वर्गात सांगते की ज्यांच्या गावचं पंडुम व्हायचं असेल त्यांनी आंब्याचं पान कोरं ठेवा, तारखेच्या जागी तसं लिहा, मी गुण देईन, फांदी नंतर आणा. बाजूचे सर म्हणतात, झीरो मॅडम ढिल्या पडल्या. म्हणोत.

या वर्षी रजनीच्याच गावची एक मुलगी वर्गात आहे. मनीषा. बोलते कमी, लिहिते भराभर. मी वर्गात ते सगळं सांगितलं तेव्हा मुद्दाम तिच्याकडं बघून सांगितलं. तिनं मान डोलावली. रजनी सध्या काय करते, असं मी तिला एकदा विचारलं होतं. घरीच असते, म्हणाली, गावातल्या लहान पोरांना अभ्यास सांगते.

परवा फायली आल्या. बाहेर तोच वास, कूलरचा तोच आवाज. सगळ्यांत वर मनीषाची फाईल होती. मी सरळ विसावं पान काढलं.

आंब्याची फांदी होती. तीन कैऱ्या, पातळ चिरून नीट दाबलेल्या, कडेला बारीक टाके. चिठ्ठी भरलेली. तारखेच्या जागी तारीख.

ती दारातच उभी होती. मी बोलावलं.

"तुमच्या गावचं पंडुम झालं?"

"नाई जी. अखीन टाइम हाय."

"मग ही फांदी?"

"फाटकापासची हाय." ती खाली बघत होती.

"मी सांगितलं होतं ना मनीषा, नंतर आणलीस तरी चालेल म्हणून. तुझे गुण कापणार नव्हते मी."

"हाव जी. रजनीताईले सांगितलं मी ते. ते बोल्ली, तू आधीच तोडून घे."

"रजनी म्हणाली?"

"हाव. म्हणे, मॅडम थांबतीन. पोर्टल नाई थांबत."

मी फाईल मिटली. पुन्हा उघडली. काही बोलायचं म्हणून विचारलं, भीती नाही वाटली का तोडताना. ती पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची खडूची भुकटी सारत राहिली. मग निघाली, दारापाशी थांबली आणि मागं वळून हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात कोणाले सांगू नोका जी."

नाही सांगणार, मी म्हटलं. फाईल ठरल्या दिवशी आली होती, पूर्ण होती. मी तिला दहापैकी दहा दिले.